७२० पेशी, २४ उंदीर, ६ पिंजरे: तुमच्या प्रयोगातला ‘एन’ नेमका किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाबद्दल आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही २४ उंदीर ६ पिंजऱ्यांत, प्रत्येकी ४ असे ठेवले. त्यांपैकी ३ पिंजऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात औषध घातले आणि उरलेल्या ३ पिंजऱ्यांना साधे पाणी दिले. सहा आठवड्यांनी प्रत्येक उंदराच्या यकृताचे छेद घेऊन ३० पेशींचे क्षेत्रफळ मोजले. अशी ७२० मापे हाती आली, त्यांवर टी-चाचणी (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावली आणि पी-मूल्य, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.००१ च्याही खाली आले. परीक्षकाने मात्र ‘या प्रयोगात एन किती?’ एवढेच विचारून शोधनिबंध परत पाठवला. शिवाय त्याच पेशींच्या छायाचित्रांवर तुम्ही शिकवलेला प्रोग्रॅम ९७ टक्के वेळा गट बरोबर ओळखतो, आणि पुढच्या टप्प्यात प्राणी कमी करून संगणकीय मॉडेलवर भर द्यावा असे तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. या तिन्ही गोष्टींबद्दल तुम्ही मत विचारले आहे.

परीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर ७२० नाही आणि २४ही नाही. ते ६ आहे. औषध कोणाला मिळणार हे तुम्ही पेशीपेशीसाठी ठरवले नव्हते, उंदराउंदरासाठीही ठरवले नव्हते; एका बाटलीत औषध घातले की त्या पिंजऱ्यातल्या चौघांनाही ते मिळत होते. योगायोगाला वाव होता तो फक्त सहा वेळा. ज्या घटकाला उपचार स्वतंत्रपणे दिला जातो किंवा नाकारला जातो, तो प्रयोगाचा घटक आणि त्यांची संख्या म्हणजे एन. एका घटकावर कितीही मापे घेतली तरी त्यांनी ती संख्या वाढत नाही. परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला छद्म-पुनरावृत्ती अशा अर्थाचे नाव दिले. त्यांनी परिसरशास्त्रातले १७६ प्रयोग तपासले होते, आणि त्यांपैकी ज्यांनी संख्याशास्त्रीय निष्कर्ष काढले होते त्यांतल्या ४८ टक्क्यांत ही चूक सापडली. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण चूक सर्वत्र होते म्हणून ती लहान ठरत नाही.

एकाच पिंजऱ्यातले चार उंदीर एकमेकांसारखे का होतात, हे शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे, कारण हा मुद्दा गणिताचा होण्याआधी जीवशास्त्राचा आहे. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या आतड्यांतले जिवाणू काही आठवड्यांत सारखे होऊ लागतात, आणि आतड्यांतून निघालेले रक्त आधी यकृतातच जाते. मांडणीच्या वरच्या फळीवरच्या पिंजऱ्यांना प्रकाश जास्त मिळतो. नर असतील तर एक दांडगा उंदीर बाकी तिघांना ताणाखाली ठेवतो. एका पिंजऱ्याची बाटली ठिबकत असेल तर तिथल्या चौघांचाही डोस आपण समजतो त्याहून वेगळा असतो. आणि एक उंदीर दिवसाला जेमतेम ३ ते ५ मिलिलिटर पाणी पितो, त्यामुळे थोड्या गळतीनेही हिशोब पार बिघडतो. या सगळ्या गोष्टी पिंजऱ्यागणिक बदलतात, आणि तुमच्या प्रयोगात औषधही पिंजऱ्यागणिकच बदलते. दोहोंना वेगळे करायचे असेल तर पिंजऱ्यांची संख्या सोडून दुसरा आधार नाही.

याचा परिणाम किती मोठा आहे ते संगणकाविना, कागदावरच पाहू. ६ पिंजऱ्यांतून औषधाचे ३ पिंजरे निवडण्याचे एकूण २० मार्ग आहेत. औषधाचा काहीच परिणाम होत नसेल, तर या २० मांडण्यांपैकी कोणतीही सारख्याच शक्यतेने तुमच्या वाट्याला आली असती. औषधाच्या तिन्ही पिंजऱ्यांची सरासरी साध्या पाण्याच्या तिन्ही पिंजऱ्यांपेक्षा वरच आली, म्हणजे याहून टोकाचा निकाल शक्यच नाही, असे धरले तरी ती मांडणी आणि तिची उलट मांडणी मिळून २० पैकी २ होतात. म्हणजे केवळ रँडमायझेशनच्या (उपचार चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने वाटण्याच्या) बळावर या प्रयोगातून ०.१ पेक्षा लहान पी-मूल्य निघूच शकत नाही. पिंजऱ्यांच्या सरासऱ्यांवर टी-चाचणी लावली तर आकडा याखाली जाऊ शकतो, पण मग तो आधार मापांचे वितरण घंटाकृती असल्याच्या गृहीतकातून येतो, आणि तीन-तीन आकड्यांवरून ते गृहीतक तपासता येत नाही. शिवाय फरक लक्षणीय ठरण्यासाठी टी-चाचणीचा आकडा जी सीमा ओलांडावी लागते, ती ७१८ डिग्रीज ऑफ फ्रीडमवर (म्हणजे ढोबळमानाने तितक्या स्वतंत्र मापांच्या आधारावर) १.९६ असते, आणि ४ डिग्रीज ऑफ फ्रीडमवर २.७८ होते.

आता दुसरा हिशोब. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. तुमचे आकडे तुमच्या मापांतून काढावे लागतील. समजा मापांचे एकूण प्रचरण, म्हणजे ती किती विखुरलेली आहेत याचे माप, १ आहे. त्यातले ०.२ पिंजऱ्यापिंजऱ्यातल्या फरकामुळे, ०.२ एकाच पिंजऱ्यातल्या उंदरांमधल्या फरकामुळे आणि ०.६ एकाच उंदराच्या पेशींमधल्या फरकामुळे येते. एका गटात ३ पिंजरे, १२ उंदीर आणि ३६० पेशी आहेत. गटाच्या सरासरीचे प्रचरण म्हणजे ०.२ भागिले ३, अधिक ०.२ भागिले १२, अधिक ०.६ भागिले ३६०, अर्थात सुमारे ०.०८५. यात पिंजऱ्यांचा वाटा ०.०६७, उंदरांचा ०.०१७ आणि पेशींचा ०.००२ पेक्षाही कमी. सगळ्या पेशी स्वतंत्र मानणारी टी-चाचणी मात्र हेच प्रचरण ०.००३ पेक्षा कमी समजते, म्हणजे खऱ्याच्या सुमारे तिसाव्या भागाइतके. औषधात काहीही गुण नसताना अशी चाचणी सत्तर टक्क्यांच्या आसपास वेळा ‘फरक लक्षणीय आहे’ असे सांगेल. असा खोटा इशारा फक्त पाच टक्के वेळा देण्याच्या कबुलीवर चालवलेली चाचणी प्रत्यक्षात असे वागते, हे मी विद्यार्थ्यांना स्वतः संगणकावर सिम्युलेशन करून पाहायला लावते, कारण सांगून पटत नाही, पण स्वतःच्या पडद्यावर हजार बनावट प्रयोगांचे निकाल पाहिले की पटते. ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेत वीस-पंचवीस ओळींचे काम आहे.

याच हिशोबातून पुढच्या प्रयोगाची दिशाही मिळते, आणि या उत्तरातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. प्रत्येक उंदराच्या ३० ऐवजी १० पेशी मोजल्या असत्या तर ०.०८५ चे ०.०८८ झाले असते, म्हणजे सूक्ष्मदर्शकासमोरचे दोन-तृतीयांश तास वाचून नुकसान झाले असते ते अवघे चार टक्के. उलट तेच २४ उंदीर दोन-दोन करून १२ पिंजऱ्यांत ठेवले असते तर प्रचरण ०.०५२ वर, म्हणजे सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आले असते. आणि औषधाचे ६ पिंजरे निवडण्याचे मार्ग ९२४ झाले असते, त्यामुळे रँडमायझेशनवर आधारलेले सर्वांत लहान पी-मूल्य ०.००२ इतके असते. एकही प्राणी न वाढवता. आणखी चांगला मार्ग म्हणजे औषध बाटलीतून न देता प्रत्येक उंदराला नळीने थेट जठरात देणे, आणि प्रत्येक पिंजऱ्यातल्या चौघांपैकी दोघांना औषध व दोघांना नुसते द्रावक देणे. मग तुलना पिंजऱ्याच्या आतच होते, पिंजऱ्यापिंजऱ्यातला फरक हिशोबातून आपोआप बाजूला पडतो आणि उंदीर हाच प्रयोगाचा घटक बनतो. इथे एक सावधगिरी हवी: औषधाचा अंश विष्ठेतून बाहेर पडत असेल तर विष्ठा खाण्याच्या सवयीमुळे तो साथीदारांपर्यंत पोहोचतो आणि नियंत्रण गट शुद्ध राहत नाही. तसे असेल तर १२ पिंजऱ्यांचा मार्ग बरा.

तुमच्या विशिष्ट मापाबद्दल आणखी एक विचारायला हवे. उंदरांचे विच्छेदन कोणत्या वेळी केले? उंदीर रात्री खातो, आणि त्याच्या यकृतातले ग्लायकोजेन रात्रीअखेर वाढलेले असते व दिवसभरात उतरत जाते. यकृताच्या पेशींचा आकारही या चक्राबरोबर कमी-जास्त होतो. तुम्ही नेमका आकारच मोजला आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेतून माझ्याकडे ग्लायकोजेनची मापे आली होती. दोन गटांतला फरक इतका स्वच्छ होता की विश्लेषण अर्ध्या दिवसात संपले. अहवाल पाठवण्यापूर्वी मी कामाची मूळ वही मागवली. नियंत्रण गटाचे सगळे प्राणी सकाळी नऊ ते अकरा आणि औषधाचे सगळे प्राणी दुपारी दोन ते पाच या वेळांत मारले होते, कारण ‘आधी एक गट उरकू, मग दुसरा’ असे कोणीतरी सोयीने ठरवले होते. त्या मापांतून औषध आणि घड्याळ यांना वेगळे करण्याचा कोणताही संख्याशास्त्रीय उपाय माझ्याजवळ नव्हता, आणि तो कोणाजवळही नसतो. ते सगळे प्राणी वाया गेले. तेव्हापासून मापांच्या फाइलबरोबर वेळ, दिवस, फळी आणि विच्छेदन करणारी व्यक्ती हे चार रकाने असल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

हाती असलेल्या मापांचे काय करायचे? सर्वांत सरळ मार्ग असा: प्रत्येक उंदराच्या पेशींची सरासरी काढा, मग प्रत्येक पिंजऱ्यातल्या उंदरांची सरासरी काढा, आणि तीन आकड्यांची तीन आकड्यांशी तुलना करा. परीक्षकाला ‘मिक्स्ड मॉडेल’, म्हणजे औषधाच्या परिणामाबरोबरच गटागटातले योगायोगाचे फरकही हिशोबात धरणारे मॉडेल, हवे असेल तर पिंजरा आणि त्याच्या आत उंदीर असे दोन यादृच्छिक (योगायोगाने बदलणारे) स्तर घाला. तुमची मांडणी समतोल असल्यामुळे दोन्ही वाटांनी उत्तर बहुतेक तेच येईल, मात्र डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी केनवर्ड-रॉजर सुधारणा (घटक थोडे असताना वापरायची दुरुस्ती) वापरा. नाहीतर काही सॉफ्टवेअर गुपचूप पिंजऱ्यांची कमी संख्या विसरून जातात. या मॉडेलांचा उगम पशुपैदास शास्त्रात आहे, हे तुमच्या विषयातल्या माणसाला माहीत असावे. वळू स्वतः दूध देत नाही. त्याची आनुवंशिक गुणवत्ता त्याच्या मुलींच्या दुधावरून ओळखावी लागते, आणि त्या मुली वेगवेगळ्या कळपांत, वेगवेगळ्या चाऱ्यावर वाढलेल्या असतात. कळपाचा परिणाम वेगळा काढून वळूचा अंदाज कसा बांधायचा, या प्रश्नावर चार्ल्स हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून जे काम केले, त्यावर आजची मिक्स्ड मॉडेल मोठ्या प्रमाणात उभी आहेत. तुमचा पिंजरा म्हणजे त्यांचा कळपच.

आता ९७ टक्क्यांकडे वळू. छायाचित्रे शिकवण्यासाठी आणि तपासण्यासाठी कशी वाटली, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुतेक वेळा ती सरमिसळ करून वाटली जातात, आणि मग एकाच उंदराच्या, एकाच स्लाइडवरच्या पेशी दोन्हीकडे येतात. प्रत्येक स्लाइडवर रंगद्रव्याची छटा थोडी वेगळी असते, छेदाची जाडी वेगळी असते. प्रोग्रॅमला औषध ओळखण्याची गरजच उरत नाही. स्लाइड ओळखली की गट कळतो. २०१८ साली छातीच्या क्ष-किरण चित्रांवर झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले होते: न्यूमोनिया ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम चित्र कोणत्या रुग्णालयातून आले आहे ते ओळखू शकत होता, आणि परक्या रुग्णालयांच्या चित्रांवर त्याची कामगिरी घसरत होती. तुमच्याकडे तपासणी करण्याचा सोपा उपाय आहे. प्रत्येक गटातला एक असे दोन पिंजरे पूर्णपणे बाजूला ठेवा, उरलेल्या चारांवर प्रोग्रॅम शिकवा आणि त्या दोघांवर तपासा. अशा ९ जोड्या होतात, त्या सगळ्या करा. त्यानंतर मुद्दाम खोटी लेबले लावा: औषधाचे दोन आणि साध्या पाण्याचा एक असे तीन पिंजरे घेऊन त्यांना ‘औषध’ म्हणा, उरलेल्या तिघांना ‘साधे पाणी’ म्हणा, आणि आधीच्याच सरमिसळ पद्धतीने प्रोग्रॅम पुन्हा शिकवा. या निरर्थक लेबलांवरही अचूकता नव्वदीत राहिली, तर तुमचा प्रोग्रॅम यकृत पाहत नसून स्लाइड पाहतो आहे हे सिद्ध होईल.

तिसरा मुद्दा मॉडेलचा. यंत्रणेचे मॉडेल, म्हणजे एखादी प्रक्रिया कशी घडते ते सूत्रांत मांडणारे मॉडेल, आणि टी-चाचणी या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत असे विद्यार्थ्यांना वाटते, पण दोन्ही एकच काम करतात: ही मापे कशी जन्माला आली याबद्दलचे एक विधान मांडतात. विधान चुकीचे असूनही आकडे छान जुळू शकतात, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण साथरोगशास्त्राच्या पायाभूत शोधनिबंधातच आहे. एडिंबरा इथे काम करणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली लोकसंख्येची तीन भागांत वाटणी करणारे मॉडेल मांडले: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पडताळ्यासाठी त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू घेतले. आठवड्याला ८९० मृत्यूंच्या आसपास शिखर गाठून उतरणारा त्यांच्या सूत्राचा वक्र त्या आकड्यांवर जवळजवळ नेमका बसतो. पण प्लेग उंदरांत पसरतो आणि पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, आणि पिसवांची संख्या ऋतूप्रमाणे बदलते. साथ ओसरली ती लागण होऊ शकणारे संपत आले म्हणून, की उन्हाळ्याने पिसवा घटल्या म्हणून, हे त्या एका उंचवट्याच्या वक्रावरून कळू शकत नाही. दोन्ही कारणांनी तसाच उंचवटा येतो. प्लेग तर मुंबईत १८९६ पासून वर्षामागून वर्षे परत येत होता. आपली गृहीतके पूर्णपणे लागू पडत नाहीत आणि जुळणी ढोबळ आहे, हे लेखकद्वयाने त्याच निबंधात मान्य केले होते. २०१२ साली निकोला बाकाएर यांनी उंदीर, पिसवा आणि ऋतू धरून त्याच साथीचे मॉडेल पुन्हा उभे केले. पाठ्यपुस्तकांत मात्र अनेकदा तो सुंदर वक्र तेवढा राहिला आणि उंदीर गळाले.

म्हणून मार्गदर्शकांच्या सूचनेबद्दल माझे मत असे आहे. ६ पिंजऱ्यांच्या मापांवर बसवलेले मॉडेल पुढच्या प्राण्यांची जागा घेऊ शकणार नाही, कारण त्यातली जी माहिती नव्याने आल्यासारखी वाटेल ती प्रत्यक्षात तुमच्या गृहीतकांतूनच आलेली असेल. दोन ठिकाणी मात्र संगणकाचा मोठा उपयोग आहे. पहिले, डोस ठरवताना: औषध शोषले किती जाते, यकृतातून किती वेगाने निघून जाते हे वेगळ्या मोजमापांतून माहीत असेल तर साध्या फार्माकोकायनेटिक मॉडेलने रक्तातली पातळी आधीच अजमावता येते आणि चाचपडण्यात जाणारे प्राणी वाचतात. दुसरे, प्रयोगाची आखणी करताना: तुमच्या याच २४ उंदरांवरून प्रचरणाचे तीन वाटे काढा, ते घालून पिंजरे ८, १२, १६ असे बदलत प्रत्येकी हजार बनावट प्रयोग चालवा, आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने दखल घ्यावी इतका फरक ऐंशी टक्के वेळा सापडेल अशी सर्वांत लहान आखणी निवडा. पिंजऱ्यांचा वाटा सहाच पिंजऱ्यांवरून काढलेला असल्यामुळे तो कच्चा असेल. त्याच्या दुप्पट आणि निम्मा धरूनही हिशोब करून ठेवा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांची संख्या घटवण्याचे तत्त्व मांडले, ते मला मनापासून मान्य आहे. पण ज्या प्रयोगातून उत्तर निघूच शकत नाही, त्यात सहा उंदीर वापरले तरी ते सहाही जास्तच झाले.

परीक्षकाला उत्तर लिहिताना ७२० चा बचाव करू नका. प्रयोगाचा घटक पिंजरा आहे, गटाला एन ३ आहे, पिंजऱ्यांच्या सरासऱ्यांतला फरक एवढा आहे आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा (मापांशी सुसंगत ठरणाऱ्या फरकांचा पल्ला) एवढी रुंद आहे, असे स्पष्ट लिहा. प्रत्येक पिंजऱ्याचा आणि प्रत्येक उंदराचा ठिपका दिसेल अशी आकृती द्या. निबंधाचा सूर ‘सिद्ध झाले’ यावरून ‘पुढच्या प्रयोगासाठी प्राथमिक अंदाज’ यावर आणा. प्राण्यांवरील प्रयोगांच्या अहवालासाठीच्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शक सूचनांची २०२० ची आवृत्ती समोर ठेवलीत तर काय काय सांगायचे राहिले आहे ते लगेच दिसेल. प्रयोगाचा घटक कोणता हे सांगणे त्यात अगदी सुरुवातीच्याच अपेक्षांमध्ये आहे. तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये उंदरांचे क्रमांक आहेत, पण पिंजऱ्याचा रकाना नाही. पिंजऱ्यांवर लावलेली कार्डे अजून फेकली गेली नसतील तर आजच प्राणिगृहात जाऊन ती ताब्यात घ्या. कोणता उंदीर कोणत्या पिंजऱ्यात होता हे त्यांच्याशिवाय आता कुठूनही कळणार नाही.